पोच : कोल्हापुरातल्या एका गप्प सोसायटीचं प्रकरण

बाईंनी फ्लॅट घेतला तो पाडव्याच्या मुहूर्तावर, दिवाळीत. रंकाळ्याच्या पश्चिमेला, महापालिकेच्या हद्दीत, खाली पार्किंग आणि वर चार मजले अशी चोवीस फ्लॅटची इमारत. त्यांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, गच्चीच्या बरोबर खाली. व्यवहार रिसेलचा. आधीचे मालक मुलाकडं पुण्याला राहायला गेले होते. कर्ज मंजूर झालं, खरेदीपत्र नोंदलं गेलं, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा) हातात आली, वीजबिल नावावर झालं, घरफाळ्याला नाव लागलं. आता सगळं झालं असं बाईंना वाटलं, आणि तसं वाटण्यात त्यांचं काही चुकलं नाही. दहातल्या आठ जणांना तसंच वाटतं. त्या शाळेत शिकवतात, म्हणून इथं त्यांना बाईच म्हणतो. नाव, इमारत, गल्ली मुद्दाम देत नाही.

मी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब तपासण्याचं काम करतो. बाई माझ्याकडं आल्या त्या जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल होती. तिच्यात खरेदीपत्र, आणि व्हॉट्सॲपवर सोसायटीच्या ग्रुपला पाठवलेल्या मेसेजचे छापून आणलेले अकरा कागद. पहिला मेसेज ८ जूनचा. "बेडरूमच्या छताला ओल आली आहे, कृपया कुणीतरी येऊन बघावं." शेवटचा आदल्या रात्रीचा. त्यात नुसता फोटो होता, मजकूर नव्हता.

नंतर मी घर बघून आलो. बीमच्या कडेला आधी भाकरीएवढं पिवळं वर्तुळ उमटलं होतं. जूनच्या शेवटी त्याचा पोपडा सुटला. जुलैत पाणी पंख्याच्या दांड्यावरून उतरायला लागलं, तेव्हा बाईंनी त्या खोलीचा मेन बंद करून टाकला. आईची खाट हॉलमध्ये आली, कपाट भिंतीपासून हातभर पुढं ओढलं. खोलीत दोन बादल्या आणि एक परात. परातीत जुना टॉवेल घातलेला, थेंबाचा आवाज रात्री झोपू देत नाही म्हणून. ते दिवस असे होते की अख्खं शहर सकाळी उठून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत होतं. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. ग्रुपवर दर दोन तासांनी पातळीचे मेसेज येत होते आणि त्यांच्या खाली बाईंचा फोटो वर सरकून दिसेनासा होत होता. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितलाय, त्यांना त्या दिवसांत दुसरं काही सुचत नाही. त्यांना मी दोष देत नाही. पण बाईंच्या घरात पाणी वरून येत होतं.

सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहतात. वय सत्तरीच्या पुढं. त्यांच्याकडं बाई चारदा गेल्या. चारही वेळा उत्तर एकच : "बघूया की बाई, पाऊस तरी थांबू दे." शेजारच्यांचं म्हणणं, वरच्या मजल्याचं वरच्यांनीच बघायचं असतं, आधीच्या मालकानंही दोनदा स्वतःच्या पैशानं गच्चीला कोटिंग मारून घेतलं होतं. शेवटी बाईंनी रागानं जून-जुलैचा मेंटेनन्स थांबवला.

पहिली दुरुस्ती आम्ही तिथंच केली. मेंटेनन्स थांबवणं हे भाडेकरूनं भाडं अडवण्यासारखं वाटतं, पण सोसायटीत ते उलट अंगावर येतं. उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावायची सोय आहे. थकबाकीदार समितीवर उभा राहू शकत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, गळतीचा विषय काढला की समोरचा म्हणतो, "आधी थकबाकी भरा." बाजू बरोबर असलेला माणूस चुकीच्या जागी उभा राहतो. बाईंनी दोन महिन्यांची रक्कम सोसायटीच्या खात्यावर ऑनलाईन भरली आणि एका कागदावर लिहून ठेवलं की ही रक्कम गळतीची तक्रार कायम ठेवून भरत आहे.

दुसरी गोष्ट इमारतीच्या पाटीची. पाटीवर "अपार्टमेंट" लिहिलं होतं. कोल्हापुरात हा घोळ फार आहे. सहकारी गृहनिर्माण संस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली येते. अपार्टमेंट मालकांचा संघ १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली, घोषणापत्रावर उभा असतो. तिथं शेअर सर्टिफिकेट नसतं, अविभक्त हिस्सा टक्क्यांत असतो, आणि तक्रारीचा रस्ताही वेगळा. पाटीवर काहीही असू शकतं. बाईंच्या खरेदीपत्रात संस्थेचा नोंदणी क्रमांक होता, म्हणजे ही सोसायटीच. इमारतीला पंधरा वर्षं होऊन गेलेली, त्यामुळं रेरा कायद्याखाली बिल्डरवर जी पाच वर्षांची दोषदुरुस्तीची जबाबदारी असते ती वाट इथं नव्हतीच.

आता गळती. आदर्श उपविधींत हे इतकं स्पष्ट लिहिलंय की वाद व्हायलाच नको. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकमुळं होणारी गळती सभासदानं स्वतःच्या खर्चानं काढायची. बाहेरून येणारी, सामाईक पाईपमधून येणारी आणि पावसाची गळती सोसायटीनं काढायची. एवढंच नाही, गच्चीतून झिरपलेल्या पावसाच्या पाण्यानं वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं छत आणि त्याचा गिलावा खराब झाला, तर तो दुरुस्त करणंही सोसायटीच्याच खर्चात धरलेलं आहे. "वरच्यांचं वरच्यांनी बघायचं" हे वाक्य प्रत्येक इमारतीत ऐकू येतं आणि प्रत्येक इमारतीत ते चुकीचं असतं. गच्ची सगळ्यांची आहे. पहिल्या मजल्यावरच्याची जेवढी, तेवढीच चौथ्यावरच्याची.

पण हे सांगायचं कुणाला? आणि कुठल्या नात्यानं? कायद्याच्या भाषेत बाई त्या सोसायटीच्या कुणीच नव्हत्या. खरेदीपत्रानं फ्लॅट मिळतो, सभासदत्व मिळत नाही. त्यासाठी विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं ठरलेल्या नमुन्यात अर्ज करायचा असतो, ५०० रुपये हस्तांतरण शुल्क आणि १०० रुपये प्रवेश शुल्क भरायचं असतं, आणि मग शेअर सर्टिफिकेटच्या मागं नाव चढतं. हे काहीच झालं नव्हतं. शेअर सर्टिफिकेट अजून आधीच्या मालकाच्या नावावर होतं आणि ते पुण्यात होते.

माझी चूक

इथं मी एक चूक केली, ती लिहायलाच हवी. सभासदत्वाचा अर्ज तयार होईपर्यंत थांबायला पाहिजे होतं. छत गळतंय, आईला खोकला झालाय, हे बघून मी घाईनं एक कडक नोटीस लिहून दिली. पंधरा दिवसांत दुरुस्ती न केल्यास कायदेशीर कारवाई, नुकसानभरपाई, समितीवर वैयक्तिक जबाबदारी. बाईंनी ती सेक्रेटरींच्या हातात दिली. त्यांनी उभ्या उभ्या वाचली, परत दिली, दार लावलं. पुढं तीन आठवडे ते दार उघडलं नाही. जिन्यात भेट झाली तरी ते खाली बघून जायचे.

तोवर पुण्याहून आधीच्या मालकांच्या सह्या आल्या. सभासदत्वाचा अर्ज, खरेदीपत्राची प्रत, धनादेश, सोबत गळतीची वेगळी लेखी तक्रार, असं पाकीट पोचपावतीसह पोस्टानं सोसायटीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवलं. (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय. आता पाठवणाऱ्यानं स्पीड पोस्टनंच पाठवावं आणि पोचपावती वेगळी मागून घ्यावी.) पाकीट आठ दिवसांत परत आलं. शेरा होता : "सदर पत्त्यावर राहत नाहीत." सोसायटीचा नोंदणीकृत पत्ता म्हणजे पहिल्या सेक्रेटरीचा फ्लॅट, आणि तो फ्लॅट विकून ते कधीच निघून गेले होते. पत्ता बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. परत आलेलं पाकीट बाई फोडणार होत्या. मी म्हटलं, असंच ठेवा. न फोडलेलं पाकीट, पोस्टाचा शिक्का आणि शेरा, हा चांगला पुरावा आहे.

त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला होता. सोसायटीकडं नव्हे, सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडं. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये केरळमधल्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केलंय की सहकारी संस्था केवळ नोंदणी झाली म्हणून सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. पण उपनिबंधकांचं कार्यालय तसं प्राधिकरण आहे, आणि त्यांच्याकडं संस्थेचे जे कागद असतात किंवा कायद्यानं जे त्यांना मागवता येतात, ते नागरिकाला मागता येतात. त्याला सभासद असावं लागत नाही. दहा रुपयांचा स्टँप, तीस दिवसांची मुदत. बाईंनी चारच गोष्टी मागितल्या : मंजूर उपविधी, सध्याच्या समितीची यादी, शेवटचा लेखापरीक्षण अहवाल, शेवटच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त.

पंचविसाव्या दिवशी उत्तर आलं आणि प्रकरण पुरतं बदललं.

समितीची मुदत पाच वर्षांची असते. या समितीची मुदत संपून तीन वर्षं झाली होती. नवी निवडणूक झालीच नव्हती. लेखापरीक्षण चार वर्षांचं थकलेलं. वार्षिक सभा दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. शेवटचं इतिवृत्त कोविडच्या आधीचं. यादीत सात नावं होती. बाईंनी माझ्यासमोर एकेका नावावर बोट ठेवलं. हे फ्लॅट विकून गेले. हेही गेले. चेअरमन लेकीकडं बंगळूरला असतात. खजिनदार दोन वर्षांपूर्वी वारले. या ताई आहेत, पण त्यांना आपण समितीवर आहोत हेच ठाऊक नसावं. उरले दोघं. त्यातले एक सेक्रेटरी.

मी इतकी वर्षं हे काम करतोय, तरी त्या यादीकडं बघून गप्प झालो. दोन महिने आम्ही ज्या सोसायटीशी भांडत होतो, ती कागदावर होती, इमारतीत नव्हती.

पिशवी

गणपतीच्या थोडं आधी मी स्वतः सेक्रेटरींकडं गेलो. बाई सोबत होत्या. नोटीस नव्हती, फाईल नव्हती. दार त्यांच्या मिसेसनी उघडलं. आम्हाला बघून क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, "या की आत, उभं का?" चहा आला. कुणी काही बोलेना. मग मी फक्त एवढंच विचारलं, "काका, चेकवर सही कोण करतं आता?"

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग उठून आतल्या खोलीत गेले आणि एक खाकी कापडी पिशवी घेऊन आले. बाजाराला नेतात तसली. ती चटईवर उलटी केली. प्रोसीडिंग बुक, दोन चेकबुकं, पावतीपुस्तकांचे गठ्ठे, वीजबिलं रबरात बांधलेली, बँकेचं पासबुक, उपविधींची जुनी प्रत, सोसायटीचा रबरी शिक्का आणि वाळून खडखडीत झालेलं स्टँप पॅड. अख्खी सोसायटी त्या पिशवीत होती.

खात्यावर चार लाखांच्या वर रक्कम होती. चेकला दोन सह्या लागतात, सेक्रेटरी आणि खजिनदार. खजिनदार गेल्यापासून एक रुपया निघाला नव्हता. नवी सही चढवायची तर ठराव लागतो, ठरावाला समितीची सभा लागते, सभेला गणसंख्या (कोरम) लागते, आणि गणसंख्येला माणसंच नव्हती. जिन्यातली लाईट, पाण्याची मोटर, झाडलोट करणाऱ्या मावशींचा पगार हे सगळं काका पाच-सात फ्लॅटवाल्यांकडून रोख जमवून, कमी पडलं तर पेन्शनमधून भागवत होते. वहीत सगळं लिहिलेलं होतं, पैशापैशापर्यंत. ती वही मी नंतर हिशेब तपासणारा म्हणून वाचली. बेरजेत कुठं चूक नव्हती.

"बाई, तुमचा मेसेज बघत न्हवतो असं न्हाई," ते म्हणाले. "बघत हुतो. पण लिवायचं काय? करतो म्हणून लिवलं तर करायचं कशानं?"

त्यांच्या मिसेस दारात उभ्या होत्या. कोल्हापूरच्या बायका बोलतात तशा त्या बोलल्या : "मी कवाधरनं सांगतोय ह्यास्नी, द्या सोडून. तर म्हणत्यात, कुणाच्या हातात देऊ? ती नोटीस आल्यापासनं रात्री झोपलेलं न्हाईत हे."

ते वाक्य मला अजून टोचतं. नोटीस मी लिहिली होती.

या प्रकरणातनं मला जे कळलं ते इथं सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. सोसायटी उत्तर देत नाही तेव्हा आपण धरून चालतो की आत कुणीतरी बसलंय आणि मुद्दाम गप्प आहे. तशाही सोसायट्या असतात, मी पाहिल्यात. पण लहान इमारतींमध्ये, वीस-तीस फ्लॅटच्या, बहुतेक वेळा आत कुणीच उरलेलं नसतं. पहिली समिती उत्साहानं येते, मुदत संपते, माणसं विकून जातात, म्हातारी होतात, आणि शेवटी ज्याला नाही म्हणता आलं नाही त्याच्या घरी पिशवी राहते. अशा ठिकाणी दबाव वाढवून काही निघत नाही. आधी उत्तर देऊ शकेल असं कुणीतरी तिथं बसवावं लागतं. पण तेही नुसत्या सहानुभूतीनं होत नाही. त्याला तारखेचा कागद लागतो.

म्हणून चहा संपल्यावर बाईंनी परत आलेलं पाकीट आणि अर्जाची दुसरी प्रत काढली. "काका, एवढ्यावर पोच द्याल का?" काकांनी शिक्का उचलला, पॅडवर दाबला, काही उठेना. मग शिक्क्याच्या रबरावर तोंडानं वाफ मारली, दोनदा, आणि कागदावर जोरात दाबला. फिकट जांभळा, अर्धा उमटला. खाली सही केली, तारीख घातली. सप्टेंबरची पाच.

त्या अर्ध्या उमटलेल्या शिक्क्याला किती वजन आहे, हे लोकांना सांगून पटत नाही. सहकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे, सभासदत्वाचा अर्ज संस्थेला मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेनं निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. म्हणजे त्या दिवसापासून सोसायटीचं गप्प राहणं बाईंच्या विरुद्ध जात नव्हतं, बाजूनं जात होतं. काकांनी पोच द्यायला नकार दिला असता तरी कलम २३ खाली अर्ज आणि पैसे उपनिबंधकांकडं देता आले असते. ते तीस दिवसांत संस्थेकडं पाठवतात आणि संस्थेला मिळाल्यापासून साठ दिवसांत उत्तर नाही आलं तर तिथंही सभासदत्व मानलं जातं. ती वेळ आली नाही. व्हॉट्सॲपच्या अकरा मेसेजनी मात्र यातलं काहीही झालं नसतं.

गणपतीत बाई आणि खालच्या मजल्यावरच्या एक ताई घरोघरी फिरल्या. मी त्यांना सांगितलं होतं, गळतीचं नाव पहिल्यांदा काढू नका. लोकांना दुसऱ्याच्या छताचं सोयरसुतक नसतं, आणि त्यात राग मानण्यासारखं काही नाही. "आपले चार लाख बँकेत अडकलेत आणि ते काढायला कुणाची सही चालत नाही" एवढंच सांगा. पार्किंगमधल्या आरतीनंतर हा विषय निघाला आणि अर्ध्या तासात लोक स्वतःच बोलायला लागले. विशेष सर्वसाधारण सभा मागायला कलम ७६ प्रमाणे एक पंचमांश सभासदांच्या सह्या लागतात, चोवीसात पाच. अनंत चतुर्दशीपर्यंत तेरा झाल्या. बाईंची सही त्यात नव्हती, त्या अजून सभासद नव्हत्या.

पण सभा बोलावणार कोण? मुदत संपलेली समिती ती बोलावू शकत नव्हती. म्हणून तेरा सह्यांचा अर्ज उपनिबंधकांकडं गेला आणि कलम ७७ अ खाली समितीच्या जागी कारभार बघणारा प्राधिकृत अधिकारी नेमावा अशी मागणी केली. इथं कामी आला तो काकांचा कागद. त्यांनी स्वतःच्या हातानं पानभर लिहून दिलं की समितीची मुदत संपली आहे, गणसंख्या होत नाही, खात्यावर सही चालत नाही, मला यातून मोकळं करावं आणि सर्व दप्तर द्यायला मी तयार आहे. अशा प्रकरणांत वेळ जातो तो समिती "आम्ही आहोत" म्हणून अडून बसते तेव्हा. इथं समितीच "आम्ही नाही" म्हणत होती. ज्या माणसाला आम्ही दोन महिने विरोधी पक्ष समजत होतो, त्यानंच आमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा दिला.

प्राधिकृत अधिकारी नोव्हेंबरच्या शेवटी नेमले गेले. डिसेंबरच्या मध्यावर सभा झाली, तोवर पोच दिल्याला तीन महिने उलटून गेले होते.

सभेत एक अडचण आली. बाईंचं सभासदत्व नोंदवण्याचा विषय निघाल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी पन्नास हजार रुपये "बिल्डिंग फंडाला देणगी" मागितली. मागच्या दोन व्यवहारांत घेतली होती म्हणे, तोंडी. मी प्रोसीडिंग बुक उघडलं. हस्तांतरण अधिमूल्याचा, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाकडं जाताना सोसायटी घेते त्या प्रीमियमचा, एकच ठराव होता, दहा हजारांचा. ९ ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकानं महापालिका क्षेत्रात याची कमाल मर्यादा २५,००० रुपये ठरवली आहे, आणि त्या मर्यादेत सर्वसाधारण सभेनं जो दर ठरवला असेल तोच घेता येतो. देणगी, वर्गणी किंवा दुसऱ्या कुठल्याही नावाखाली वरची रक्कम मागता येत नाही. बाईंनी दहा हजारांचा चेक दिला, ५०० आणि १०० वेगळे. ज्येष्ठ सभासद नाराज झाले, पण ठरावावर त्यांचीच सही होती, सूचक म्हणून.

जानेवारीत नवी समिती बिनविरोध आली. बाई समितीवर आहेत, पण सेक्रेटरी नाहीत. त्यांना व्हायचं नव्हतं आणि मीही आग्रह केला नाही. स्वतःचं काम अडलेल्या माणसानं लगेच चावी हातात घेतली की गच्चीचं काम "बाईंचं काम" होतं. सेक्रेटरी झाल्या त्या खालच्या मजल्यावरच्या ताई. पहिल्या सभेत तीनच ठराव झाले : बँकेतल्या सह्या, नोंदणीकृत पत्त्यात बदल, आवक-जावक रजिस्टर. थकलेली लेखापरीक्षणं पॅनेलवरच्या दुसऱ्या लेखापरीक्षकांकडं दिली. मी या प्रकरणात गुंतलेला, म्हणून माझ्याकडं घेतली नाहीत.

गच्चीचं काम मार्चमध्ये निघालं, आणि तिथं एक गोष्ट कळली ती आधी कळली असती तर जुलैतच निम्मी गळती थांबली असती. सगळे स्लॅबला दोष देत होते. इंजिनिअरनं दोन तास गच्चीवर बसून बघितलं. स्लॅब ठीक होता. कठड्याच्या भिंतीला लागून सिमेंटचा जो गोलसर वाटा मारलेला असतो, तो बाईंच्या बेडरूमच्या वर दहा-बारा फूट तडकून सुटला होता. त्याच कोपऱ्यातलं पावसाळी पाईपचं तोंड पिंपळाच्या मुळीनं आणि गाळानं अर्धं बुजलेलं. पाणी तिथं बोटभर साचायचं आणि तडकलेल्या वाट्यातून आत शिरायचं. शिवाय कुणीतरी सोलरचं स्टँड बसवताना कोब्याला, म्हणजे स्लॅबवरच्या पाणी अडवणाऱ्या सिमेंटच्या थराला, चार भोकं पाडून तशीच सोडली होती. आधीच्या मालकानं दोनदा मारलेलं कोटिंग कोब्याच्या वर होतं. पाणी त्याच्या खालून जात होतं.

पाईपचं तोंड उघडायला एक माणूस आणि एक तास लागला. तो तास जूनमध्ये कुणाला मिळाला नाही, कारण गच्चीची चावी पिशवीत होती.

संपूर्ण गच्ची नव्यानं करायची टूम निघाली होती, ती समितीनं मान्य केली नाही. तीन दरपत्रकं मागवून त्या बाजूचा वाटा तोडून नवा मारला, भोकं बुजवली, कोब्याचा तेवढा पट्टा काढून पुन्हा घातला. मग पाईपची तोंडं बंद करून गच्चीवर पाणी साठवून ठेवलं, ४८ तास. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई, त्यांची आई, ताई आणि काका असे चौघं त्या रिकाम्या बेडरूममध्ये खुर्च्या टाकून छताकडं बघत बसले होते. मी गेलो तेव्हा काका स्टुलावर चढून बीमला हात लावून बघत होते. कोरडा होता.

छताचा गिलावा सोसायटीच्या खर्चानं झाला. रंगावरून अजून एकमत नाही. उपविधीत गिलावा आहे, रंग लिहिलेला नाही. माझं मत असं की गिलावा फोडून नवा केल्यावर तेवढ्या भागाचा रंग दुरुस्तीतच धरावा, पण सभेनं ते मान्य केलेलं नाही आणि बाईंनी स्वतःच रंग मारून घेतला. लाकडी कपाटाचं नुकसान त्यांनी मागितलंच नाही. सहकार न्यायालयात जाता आलं असतं. त्यांनी नको म्हटलं, आणि तो निर्णय त्यांचा होता.

सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, तो बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के या हिशेबानं एप्रिलपासून वेगळा घ्यायला सुरुवात झाली. आधी सगळं एकाच मेंटेनन्समध्ये गोळा व्हायचं आणि दुरुस्तीला म्हणून काही बाजूला पडायचंच नाही. यावर दोन सभासदांची हरकत आहे, ती रजिस्टरला लेखी आलीय, आणि तिला पंधरा दिवसांच्या आत लेखी उत्तर गेलंय.

आता काम चालू आहे ते अभिहस्तांतरणाचं, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचं. इमारतीखालची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. १९६३ च्या मोफा (फ्लॅट मालकीच्या) कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडं मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरनं स्वतः करून न दिलेल्या अभिहस्तांतरणाचा, अर्ज करायचा आहे. त्यासाठी प्रत्येक फ्लॅटच्या नोंदलेल्या करारनाम्याची प्रत आणि सूची क्रमांक दोन गोळा करावी लागते. चोवीसपैकी एकोणीस जणांची आली. उरलेल्या पाचांपैकी तीन फ्लॅट भाड्यानं दिलेले आहेत आणि मालक बाहेरगावी असतात. त्यांचे पत्ते काढून पत्रं पाठवायचं काम काकांनी स्वतःहून मागून घेतलंय. दोन पत्रांची पोच आली आहे.